ठाणे–नवी मुंबई: अकराच्या आत घरी परतता येईल असे डोंगर आणि सायकलचे रस्ते

कासारवडवलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आई गेल्या वर्षापासून अंथरुणावर आहे. रात्री थांबणाऱ्या मावशी एरवी सकाळी आठला निघतात, रविवारी मात्र अकरापर्यंत थांबायला कबूल झाल्यात. म्हणजे पहाटे पाच ते अकरा, आठवड्यातले हे सहा तास माझे. पूर्वी महिन्याला एक तरी किल्ला व्हायचा. शनिवारी रात्री शेवटची कसारा पकडायची आणि रविवारी रात्री चिखलाचे बूट दाराबाहेर काढायचे. ते दिवस तूर्तास बंद.

तर प्रश्न असा. घोडबंदर रोडवरून निघून, पायी किंवा सायकलने थोडा घाम गाळून, अकराच्या ठोक्याला घरात. अशा जागा सांगा. कलावंतीण, कर्नाळा, माहुली ठाऊक आहेत, तिथली रविवारची रांगही ठाऊक आहे. ज्या डोंगरांकडे आपण खिडकीतून रोज बघतो आणि कधीच जात नाही, ते हवेत. सायकल साधी हायब्रिड, २१ गिअरची. गुडघे बेचाळीस वर्षांचे.

उपवनवरून येऊरचा चढ मारून होतो. त्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही.

चेन_उतरली

तुमच्या तर दारातच आहे की. नागला!

संजय गांधी उद्यान म्हटलं की बोरिवली, फार तर येऊर एवढंच लोकांना माहीत असतं. पण उद्यानाचा एक तुकडा वसईच्या खाडीपलीकडे आहे, तो नागला ब्लॉक. घोडबंदर रोडने गायमुखचा घाट उतरून फाउंटन हॉटेलच्या नाक्याला जायचं, तिथून अहमदाबाद हायवेने वर्सोवा पूल ओलांडायचा, की उजव्या हाताला ससूनवघर. गावातून आत गेलात की वनखात्याची चौकी. तिथे विचारून, नोंद करून, पावती फाडूनच पुढे. मागचा रस्ता वगैरे शोधू नका.

वाट जवळजवळ सपाट आहे. एका हाताला जंगल, दुसऱ्या हाताला खाडी आणि कांदळवन. दम लागत नाही म्हणून ट्रेकर लोक नाक मुरडतात, आणि म्हणूनच ती अजून शांत आहे. मी गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा दोन तासांत एक माणूस भेटला, तोही खेकडे धरायला आलेला. पलीकडच्या काठावर गायमुख दिसतं. घाटात ट्रकांची रांग लागलेली दिसते, पण आवाज येत नाही. रोज त्या रांगेत अडकणाऱ्या माणसाला हे दृश्य किती गोड वाटेल याची कल्पना करा.

एक सूचना. सायकलने जाऊ नका. गायमुखच्या घाटात पहाटेही अवजड वाहनं असतात, आणि अंधारात उताराला खड्डा दिसत नाही. स्कूटर काढा.

नाव_नको

झालं. टाका सगळी नावं इथे. पुढच्या रविवारी ससूनवघरला ब्लूटूथ स्पीकर पोचतील.

कळकळीने सांगतो, नवीन जागांची नावं जाहीर लिहू नका. एका ओढ्याबद्दल मी स्वतः एका ग्रुपवर लिहिलं होतं. साधा, गुडघाभर पाण्याचा. दोन पावसाळ्यांत तिथे बिअरच्या बाटल्यांचा खच पडला, आणि पाड्यातल्या बायकांनी तिथे धुणं धुवायला जाणं सोडलं. आता मीही जात नाही. चूक माझीच, दुसऱ्या कोणाला कशाला बोलू.

खाडीकाठची

नाव_नको, तुमचं दुःख कळतं. पण नागला सरकारी पाटीवर आहे, गुपित नाही. गर्दी करणारे धागे वाचून येत नाहीत हो, रील बघून येतात. आणि रीलला धबधबा लागतो. ज्या जागी धबधबा नाही ती जागा आपोआप सुरक्षित.

त्यामुळे धागाकर्त्यांनी एकच नियम पाळावा: जुलै-ऑगस्टला घरी बसा, बाकीचे महिने तुमचे.

निवृत्त_गार्ड

छान धागा. पारसिकबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून?

आम्ही कळव्याचे. माझ्या लहानपणी फास्ट लोकल पारसिकच्या पोटातून जायच्या आणि स्लो लोकल डोंगराला खाडीच्या बाजूने वळसा घालायच्या. बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त. आत शिरला की अख्खा डबा ओरडायचा, मोठी माणसंसुद्धा. २०२२ मध्ये पाचवी-सहावी लाईन सुरू झाल्यापासून लोकल बाहेरून जातात आणि बोगदा लांबच्या गाड्यांना मिळाला. हल्लीच्या पोरांना ओरडायची जागाच राहिली नाही.

तर या डोंगराच्या मुंब्र्याच्या टोकाला, कड्याखाली मुंब्रादेवीचं देऊळ आहे. लोकलमधून पांढरा ठिपका दिसतो तो. हजारो लोक रोज खालून हात जोडतात, वर मात्र नवरात्र सोडलं तर शुकशुकाट. मुंब्रा स्टेशनला उतरून चालत निघायचं, बायपास सांभाळून ओलांडायचा, मग पायऱ्या. मला सत्तरीत पाऊण तास लागतो, तुम्हाला अर्धा पुरेल. वर नऊ देवींच्या मूर्ती आहेत. पायऱ्यांवर माकडं असतात, पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, पाठीला लावा. प्रसादाचा नारळ त्यांना लांबून कळतो.

कठड्याला टेकून उभं राहिलं की खाली खाडी, तिच्या काठाने वळण घेणारे रूळ आणि त्यावरून एकापाठोपाठ एक जाणाऱ्या गाड्या. मी नोकरीची पस्तीस वर्षं त्या रुळांवरून गेलो, वरून पहिल्यांदा बघितलं ते निवृत्तीनंतर. काय सांगू, गाड्या खेळण्यातल्या दिसतात. तासभर बसून मी कुठली वेळेवर आहे ते मोजत होतो.

तुमचा हिशेब: ठाण्याहून पहाटेची लोकल, मधलं एकच स्टेशन कळवा, मग मुंब्रा. नऊला घरी याल.

डोंगराच्या काही बाजू खाणींनी पार खाऊन टाकल्यात. तिकडे वाटा शोधत फिरू नका, कडा ठिसूळ आहेत.

चेन_उतरली

गार्डकाका, दंडवत. त्याच डोंगराच्या दुसऱ्या टोकाला मी सायकल घेऊन जातो. बेलापूरला पारसिक हिलवर थेट माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. चढ लांबीला थोडका पण उभा. आमचे काही मित्र सकाळी तोच चढ पाच-सहा वेळा वरखाली करतात, आणि मॉर्निंग वॉकवाले आजोबा प्रत्येक फेरीला ‘अजून एक?’ म्हणून चेष्टा करतात.

उतरल्यावर पाम बीचच्या टोकाला किल्ला जंक्शन लागतं. तिथून रोज गाडी नेणाऱ्या किती जणांनी तो किल्ला बघितलाय, विचारा. बेलापूरचा किल्ला. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे सगळे नांदून गेले. उरलंय काय, तर झाडोऱ्यात एक बुरूज. दहा मिनिटांचं काम, पण बघाच.

खारघर_सेक्टर_बारा

आमचा खारघरचा डोंगर राहिला.

पांडवकड्याचं नाव सगळ्यांना माहीत. १०७ मीटरचा धबधबा, पावसाळ्यात तिथे बंदी. माणसं वाहून गेलीत, म्हणून बंदी. ती पाळा, विषय संपला. मी त्याबद्दल बोलतच नाहीये. मी बोलतोय ऑक्टोबर ते फेब्रुवारीबद्दल. वर पठार आहे, फणसवाडी आणि चाफेवाडी असे आदिवासी पाडे आहेत, आणि वर जाणारा रस्ता आहे. दसऱ्यानंतर पठारावर गवत कमरेइतकं आणि सोन्यासारखं होतं. सातच्या उन्हात एका बाजूला तळोजा, दुसऱ्या बाजूला खाडी.

एक मात्र सांगतो. तो रस्ता म्हणजे आपला ट्रॅक नव्हे, वरच्या लोकांचा घरचा रस्ता आहे. मागे एकदा आम्ही चौघं सायकली आडव्या लावून फोटो काढत होतो. मागे डोक्यावर मोळी घेतलेली बाई कधीची उभी. काही बोलली नाही. आम्ही हललो तेव्हा फक्त म्हणाली, ‘झाला?’ अजून आठवलं की कान गरम होतात.

गौरी_घणसोली

घणसोलीकरांनो, गवळीदेव विसरलात? आमच्या एमआयडीसीच्या मागे डोंगर आहे हे निम्म्या ऑफिसवाल्यांना माहीत नाही. कँटीनच्या खिडकीतून दिसतो, तरी नाही. कंपन्यांच्या भिंती संपल्या की पाच मिनिटांत झाडी लागते. वर छोटं देऊळ. पक्षी बघणारे लोक येतात, तेवढेच. उताराला महापेच्या बाजूला अडवली-भूतवलीचा परिसर, तोही हिरवागार.

आणि एक प्रश्न, खास बायकांना. एकटीने जाता येईल अशी यातली कुठली? मला नवऱ्याला उठवून न्यायचं नाहीये. तो उठत नाही आणि उठला तर बोलतो.

खाडीकाठची

गौरी, 😀 घरोघरी मातीच्या चुली.

मी एकटी पाम बीचला आणि पारसिक हिलला जाते, तिथे सहाला बरीच माणसं असतात. गवळीदेव, खारघरचं पठार, नागला इथे एकटी नाही. भीती माणसांपेक्षा पाय मुरगळण्याची. वाटेवर कोणी नसेल तर तास-दोन तास तसंच बसून राहावं लागतं. आम्ही तिघी आहोत, रविवारी सव्वापाचला नेरूळ स्टेशनला भेटतो. व्यनि (खाजगी निरोप) कर.

बरं, धागाकर्त्यांसाठी माझ्याकडून रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. तुम्ही म्हणाल त्यात अनवट काय, सगळे जातात. जातात, आणि निम्मे चिखल बघून परत येतात, कारण भरती-ओहोटी कोणी बघत नाही. गणित असं आहे. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात लांबवर पांगलेले असतात, गुलाबी रेघ दिसते फक्त. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो आणि ते उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन बसतात, अगदी जवळ.

आता भरती कधी? आमच्या आजोबांचा हिशेब. तिथीला पाऊणपट करा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. सकाळी तेवढी, संध्याकाळीही साधारण तेवढीच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मोबाईल नसताना अख्खी कोळीवाडी यावर होड्या काढत होती. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. म्हणून द्वादशी-त्रयोदशीचा रविवार धरा. आठला पोचलात तर पाणी डोळ्यांदेखत चढताना दिसेल, आणि मग थवे यायला लागतात. आधी आवाज येतो. बदकांसारखा, घोगरा. त्या आवाजाचं कोणी वर्णन करत नाही, सगळे रंगाचं करतात.

ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत गेलं. ऐरोलीला वनखात्याचं केंद्र आहे, तिथून बोटीनेही नेतात, पण ती वेळ भरतीवर ठरते, आधी विचारून जा. पक्षी नोव्हेंबरपासून येऊ लागतात, भरपूर दिसतात ते जानेवारीनंतर.

कासारवडवलीकर

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! खाडीकाठची, तिथीचं गणित वहीत उतरवून घेतलं. गार्डकाका, मुंब्रादेवी या महिन्यात नक्की.

सायकलसाठी मात्र अजून लांबचा, पाच-सहा तासांत बसणारा रस्ता हवा होता. भिवंडीकडे काही?

लेणीवेडा

भिवंडीकडे आहे! लोनाड.

भिवंडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोदामं येतात. खरंही आहे ते. पण त्याच तालुक्यात लोनाडला सहाव्या शतकाच्या आसपासचं बौद्ध लेणं आहे. आता खंडेश्वरी देवीचं ठाणं म्हणून ओळखलं जातं. टेकाडाच्या पोटात, पाच मिनिटांचा चढ. आत भिंतीवर एक मोठा शिल्पपट आहे: राजा बसलाय, शेजारी राणी, सेवक. कोरीव काम झिजलंय, त्यामुळे भर उन्हात काहीच दिसत नाही. सकाळचं तिरपं ऊन आत आलं की एकेक चेहरा वर येतो. मी तीनदा गेलो तेव्हा एकदा दिसला.

गावात शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, अर्धं पडलेलं. अंबरनाथला गर्दी करणाऱ्यांपैकी शंभरात एकही इथे येत नसेल. शेजारच्या चौधरपाड्यात शिलाहार राजा केशिदेवाचा तेराव्या शतकातला शिलालेख मिळाला. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव कोरलेलं. गद्धेगाळ. दान मोडणाऱ्याला दगडात कायमची शिवी. आपले पूर्वज गोड बोलणारे होते असा कोणाचा समज असेल तर जाऊन बघा.

रस्ता: कल्याणपर्यंत लोकलने किंवा गाडीने, तिथून गांधारी पूल ओलांडून पडघ्याच्या रस्त्याने, बापगाववरून. पुलापलीकडे भातशेती लागते, आणि नोव्हेंबरात कापणी झालेली असते. उडव्या रचलेल्या असतात, वास काय येतो!

चेन_उतरली

लेणीवेड्याने सगळं सांगितलं, ट्रक नाही सांगितले. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण झाला, तेव्हापासून त्या पट्ट्यात अवजड वाहतूक आहे. मुख्य रस्ता पहाटे ओलांडून घ्या आणि गावातल्या रस्त्यांना लागा.

आणि पंक्चर. त्या भागात मला एका फेरीत दोन झालेत. खिळे नसतात, तारा असतात. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, आणि सायकलवाला बिचारा कडेनेच जातो. ट्यूब काढली, ठिगळ लावलं, हवा भरली, दोन किलोमीटरवर परत बसलो. कारण तार टायरमध्येच होती. तेव्हापासून धडा: ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा. हळू फिरवा, टोचते. सापडली की नखाने निघत नाही. नेलकटर ठेवा जवळ, पकडीपेक्षा हलकं पडतं.

सह्याद्रीचा_जावई

एवढा धागा झाला आणि गुमताऱ्याचं नाव नाही? ठाण्याहून भिवंडी-वाडा रस्त्याने दुगाडला जायचं. याच दुगाडला डिसेंबर १७८० मध्ये मराठे आणि इंग्रजांची लढाई झाली, मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश तिथे पडले. किल्ल्यावर पाण्याची टाकी, थोडी तटबंदी, माणूस नाही. वाट चुकली नाही तर गुमतारा केलाच नाही म्हणतात. मी गवतात तासभर गोल फिरून त्याच पळसाच्या झाडाखाली परत आलो होतो. उतरताना वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं.

किंवा कामणदुर्ग. चिंचोटीकडून कामण. चढ सणसणीत आहे.

गौरी_घणसोली

जावईबापू, अकराच्या आत.

सह्याद्रीचा_जावई

अरे हो. मग नाही जमणार. गुमताऱ्यावरून मी संध्याकाळी पाचला उतरलो होतो. 🙏

पनवेल_जुनं

सायकलच हवी असेल तर आमच्याकडे या. पनवेल–नेरे–धोदाणी. तुम्हाला ठाण्याहून गाडीत सायकल टाकून यावं लागेल, पण रस्ता असा दुसरा नाही.

नेऱ्याला शांतिवन लागतं. तिथून पुढे वर्दळ कमी होते आणि समोर माथेरानची भिंत उभी राहते. उजवीकडे प्रबळ. गाढी नदी कधी या हाताला, कधी त्या. देहरंगचं धरण याच रस्त्यावर, जुन्या पनवेलकरांचं पाणी तिथलं. पावसाळ्यात धरणाकडे फिरकू नका, पोलीस उभे असतात आणि उभे असायलाच हवेत. मालडुंग्यानंतर चढ जाणवायला लागतो. धोदाणीला रस्ता संपतो. अक्षरशः संपतो, पुढे डोंगर.

तिथून माथेरानच्या सनसेट पॉईंटवर पायवाट जाते, अडीच तास धरा. पाड्यातली माणसं ती वाट रोजची म्हणून चढतात, वर माथेरानला भाजी-लाकूड विकायला. पन्नास रुपयांच्या भाजीसाठी केवढा चढ! शहरातून येणारे शंभरातले नव्वद जण कलावंतीणीला वळतात, म्हणून हे मोकळं. पण एवढं सगळं तुमच्या सहा तासांत बसत नाही. धोदाणीला एक चहा प्या आणि सायकल वळवा. चहा कुठे? रस्ता संपतो तिथेच, दुसरा पर्याय नाही. सायकल नको असेल तर पनवेल स्टँडवरून एसटी आहे.

निवृत्त_गार्ड

रेल्वेने जायचं तर उरणही बघा. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरूळ, तिथे बदला. उरणच्या मागे द्रोणागिरीचा डोंगर, तासाभराची चढण, वर पोर्तुगीज काळच्या चर्चचे अवशेष, टाकी, पडकी दारं. १७३९ साली, वसई पडली त्याच वर्षी, हाही मराठ्यांनी घेतला. माथ्यावरून एकीकडे बंदराच्या क्रेन, दुसरीकडे करंजा आणि पलीकडे रेवस. आपल्याकडचा किल्ला आणि समुद्र दोन्ही एका तिकिटात.

पण गाड्या थोड्या आहेत. एक चुकली तर तुमच्या मावशी चिडतील. वेळापत्रक बघून, परतीची गाडी आधी ठरवून मग चढा.

नाव_नको

मी परत आलो. मघाशी जरा चिडून लिहिलं.

सांगायचं तर एक जागा मीही सांगतो, कारण तिथे तिकीट आहे आणि दार आहे. मानपाड्याला टिकुजिनीवाडीच्या जवळ वनखात्याचं निसर्ग परिचय केंद्र. कासारवडवलीहून सायकलने वीस मिनिटं. आतली पायवाट आखलेली आहे, लहान आहे. बोरिवलीच्या जुळ्या बोगद्याचं तोंड त्याच भागात निघतंय, त्यामुळे परिसराचा चेहरा बदलतोय. आत्ताच जाऊन या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे नवरंग पक्षी ऐकला होता. दोन शिट्ट्या, एक वर जाणारी, एक खाली येणारी. दिसला नाही. ऐकला.

आणि येऊरबद्दल: डांबरी रस्त्यावर सायकल चालवा, पण बाजूला वाट दिसली की घुसू नका. आत बिबटे आहेत, आणि त्यांच्यापेक्षा महत्त्वाचं, पाड्यांची शेतं आहेत. जूनमध्ये परतताना पाड्यातल्या बायका शेवळं, कंटोळी अशा रानभाज्या विकायला बसलेल्या दिसल्या तर घ्या. शेवळं काकडांशिवाय (काकडी नव्हे, काकड नावाचं आंबट रानफळ) शिजवू नका, घसा खाजेल. त्याच बायका काकडंही देतात, मागा.

खाडीकाठची

नाव_नको, बघा, आलात की नाही. शेवळांची पाकृ टाका वेगळ्या धाग्यावर.

संपादक

पाककृती पाकृ विभागात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांसाठी एक जोड: गवत वाळलेलं असतं, वणवे लागतात. बिडी-सिगारेट, चुली नकोत. जंगलात आग किंवा जखमी प्राणी दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक. बाकी धागा छान चाललाय.

कासारवडवलीकर

(तीन रविवारनंतर)

वृत्तांत.

पहिला रविवार मुंब्रादेवी. सहा पाचची लोकल, पावणेसातला कठड्यावर. गार्डकाका, तुमच्यासारखंच गाड्या मोजत बसलो. माकडाने केळं नेलं. पाठीवरच्या पिशवीतून नाही, हातातून. साडेआठला घरी, मावशींना धक्काच बसला. म्हणाल्या, ‘गेलाच नाहीत का?’

दुसरा रविवार पावसाळी हवा होती, नुसतंच उपवन.

कालचा नागला. चेन_उतरलीने सांगितलं तसं स्कूटरवर गेलो. चौकीवरच्या माणसाने वहीत नाव लिहून घेतलं आणि विचारलं, ‘एकटेच?’ म्हटलं हो. म्हणाला, ‘दहाच्या आत या, मला जायचंय.’ म्हणजे त्यालाही घरी कोणीतरी वाट बघणारं असणार.

वाट सपाट आहे हे खरं. पण ओहोटीची वेळ होती आणि मी शहाणपणा करून कांदळवनाकडे चार पावलं उतरलो. डावा पाय पोटरीपर्यंत गेला. काढला तर बूट आतच. हात घालून बूट शोधायला दहा मिनिटं. त्या चिखलाचा वास आहे ना, सडक्या अंड्यासारखा, तो साबणाने जात नाही. चिखलात लालसर नांगीचे इवलेसे खेकडे होते. मी हललो की सगळे एकदम बिळात, थांबलो की एकेक बाहेर येऊन नांगी हलवायचे. बूट सापडल्यावरही मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. पलीकडे गायमुखला ट्रक उभे.

मग परतीला घाटात त्याच रांगेत अडकलो. दार उघडलं तेव्हा अकरा वीस. मावशी पर्स खांद्याला लावून उभ्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं नाकाला पदर लावला. आत आईने विचारलं, ‘कसला वास रे?’ म्हटलं खाडीचा. म्हणाली, ‘आमच्या वसईला असाच यायचा.’ आणि मग चिंबोऱ्या कशा धरायच्या ते सांगत बसली, जेवण गार होईपर्यंत. आईचं माहेर वसईचं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

आता पुढचं. खाडीकाठची, द्वादशी-त्रयोदशीला रविवार कधी येतोय? माझ्याकडे मोबाईलच आहे, त्यात तिथी सापडेना.

खाडीकाठची

भिंतीवर कालनिर्णय लावा हो. आणि मावशींना साडेअकरापर्यंत थांबायचं आधीच विचारून ठेवा. पक्षी पावणेदहाला येतात, तुम्ही काही दहाला उठणार नाही तिथून.